दोन नको

माझ्या बाबांचं शेवटच्या अडीच महिन्यांतलं सगळं बोलणं एका शब्दात मावतं. नको. त्याचा अर्थ लावायचं काम माझ्याकडे होतं, कारण त्या हॉस्पिटलात मराठी कळणारी मी एकटीच होते. शिवाय अर्थ लावायचं शिक्षण घ्यायला मी तीन वर्षं दर शनिवारी मेट्रोनं दिल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होते. म्हणजे या कामाला माझ्याइतकं लायक माणूस शोधून सापडलं नसतं, असं मला तेव्हा खरोखर वाटत होतं.

शिकत होते ती जुनी चिनी. चाळिशी उलटल्यावर हे खूळ डोक्यात शिरलं तेव्हा पहिले हसले ते बाबाच. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेत सुभेदार होते, आणि नोकरीतले दोन हिवाळे त्यांनी चिन्यांच्या समोरच्या टेकडीवर काढले होते. ‘अगं, रोज दुर्बिणीतून बघायचो मी त्यांना,’ ते म्हणाले. ‘ते आमच्याकडं बघायचे. एक शब्द बोललो नाही एकमेकांशी. आणि तू द्वारकेच्या फ्लॅटात बसून त्यांची भाषा शिकणार?’

मी म्हटलं, आताच्या चिन्यांची नाही हो, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या.

‘मग तर विचारायलाच नको,’ ते म्हणाले, आणि पुन्हा हसत सुटले.

त्यांना काय सांगणार? एमएला माझं तत्त्वज्ञान होतं. अख्खा प्राचीन चीन आम्हाला अर्ध्या पेपरात उरकला होता, तोही इंग्रजीतून. पुढे गुडगावच्या एका कंपनीत लोकांचं इंग्रजी दुरुस्त करायची नोकरी लागली आणि तत्त्वज्ञान माळ्यावर गेलं. मग कधीतरी एकाच जुन्या वाक्याची दोन भाषांतरं शेजारी शेजारी वाचनात आली. एकात जो शहाणपणा होता तोच दुसऱ्यात सरळ मूर्खपणा होता. दोन्हीकडचे भाषांतरकार मोठे विद्वान. मला रागच आला. माझा स्वभाव असा, की कुणीतरी आपल्याला बनवतंय असं वाटलं की मी हात धुऊन मागे लागते. मूळ काय आहे ते मीच बघते, म्हटलं.

शिकवणाऱ्या बाई मयूर विहारला राहायच्या. तमिळ, सत्तरी पार केलेल्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या. शनिवारी दहा ते एक घरीच चार जणांना शिकवायच्या. त्यांच्या वर्गाचा एकच कायदा होता: इंग्रजी बंद. ‘अंग्रेज़ी में सब साफ़ दिखता है, इसीलिए धोखा है,’ असं त्या म्हणायच्या. प्रत्येकानं शब्दाचा अर्थ आपल्या घरच्या भाषेत सांगायचा आणि मग तो बाकीच्यांना हिंदीत समजावून द्यायचा. एक पंजाबी, एक मल्याळी, एक बंगाली आणि मी.

आता माझी घरची भाषा म्हणजे काय, तर कॅन्टोन्मेंटची मराठी. बाबांना मला पहाडगंजच्या मराठी शाळेत घालायचं होतं, पण ती लांब पडायची, म्हणून मी हिंदी-इंग्रजीत वाढले. घरात मराठी बोलायचो, पण पोटापुरती. जेवण, आजारपण, भांडण एवढ्याला पुरायची. पहिल्याच महिन्यात बाईंसमोर माझं पितळ उघडं पडलं.

झालं असं, की त्या जुन्या पोथ्यांत ‘नाही’ एक नसतो, सहा-सात असतात. एक ‘पू’, एक ‘वेइ’, एक ‘फेइ’, दोन-तीन निरनिराळे ‘वू’. प्रत्येकाचं चिन्ह वेगळं, काम वेगळं. हिंदीत समजावताना वर्गातले बाकीचे ‘नहीं’ आणि ‘मत’ यांच्यापुढे जाईनात. माझं तर डोकंच चालेना. त्यात ‘वेइ’चं चिन्ह मी चुकीचं वाचलं. दोन आडव्या रेघा असतात त्यात. वरची आखूड असली तर अर्थ ‘अजून नाही’, आणि वरची लांब असली तर तो शब्दच वेगळा, ‘शेवट’. मी ‘अजून नाही’ला ‘शेवट’ वाचलं आणि बाईंनी ते मला शंभर वेळा लिहायला लावलं, या वयात.

संध्याकाळी घरी येऊन मी बाबांसमोर चिडचिड केली. म्हटलं, एखादी गोष्ट नसणं वेगळं, अमुक म्हणजे तमुक नसणं वेगळं, अजून न होणं वेगळं, कुणाला करू न देणं वेगळं, आणि या लोकांकडे प्रत्येकाला शब्द आहे. कोण लक्षात ठेवणार?

बाबा चहा बशीत ओतत होते. ‘मग आपल्याकडं नाहीत होय?’ म्हणाले. ‘नाही, नव्हे, नये, नको. तुला नव्हे माहीत नाही?’

ऐकलेला होता. पण माझ्या तोंडात तो शब्द कधी आला नव्हता. त्यांनी कपाटातून फौजेतलं एक जुनं रजिस्टर काढलं, अर्धं कोरं, आणि चष्मा लावून मला लिहून दिलं. समोर शत्रू नाही. तो शत्रू नव्हे, आपलाच माणूस आहे. पहाऱ्यावर झोपू नये. रजा अजून मंजूर नाही. गोळी झाडू नको. ते ‘अजून नाही’ आणि ‘शेवट’चं मी दाखवलं तेव्हा दोन्ही चिन्हं बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, ‘एका रेघेत माणूस गेला की गं!’

पुढच्या शनिवारी मी रजिस्टरातलं वाचून दाखवलं. बाईंनी विचारलं, हे कुणी लिहिलं? माझ्या वडिलांनी, म्हटलं, सुभेदार होते. ‘उनको भी ले आया करो,’ बाई म्हणाल्या. बाबांचे गुडघे दुखायचे, ते कधी आले नाहीत. पण तेव्हापासून माझे शनिवारी दोन वर्ग व्हायला लागले, सकाळी बाईंचा आणि संध्याकाळी बाबांचा. आई गेल्यापासून आम्ही दोघंच होतो घरात. टीव्हीसमोर मुकाट्यानं जेवणारे बापलेक आम्ही, आता वाद घालून एकमेकांचा पिच्छा पुरवायला लागलो. ती तीन वर्षं फार चांगली गेली, हे मला तेव्हाच कळत होतं.

मग एका शनिवारी बाईंनी त्या ‘वू’पैकी एक घेतला. चार फटकाऱ्यांचं साधं चिन्ह, अर्थ ‘करू नको’. बाई म्हणाल्या, काही विद्वानांच्या मते या शब्दानं दुसरा एक शब्द गिळलेला आहे. नुसतं ‘करू नको’ नव्हे, ‘ते करू नको’. त्यातलं ‘ते’ शब्दाच्या पोटात गेलंय, वर दिसत नाही. तसंही त्या पोथ्यांना विरामचिन्हं नसतात, कर्ता गाळलेला असतो, कोण कुणाला म्हणतंय ते वाचणाऱ्यानंच शोधायचं असतं. त्यामुळे हा शब्द भेटला की थांबायचं आणि विचारायचं, ‘इसने क्या निगला है?’ शिवाय त्या चिन्हाचं मूळ चित्र म्हणे निशाणाचं. काठीला तीन पट्ट्या फडफडताहेत. जुने कोशकार सांगतात, लोकांना बोलवून घ्यायला ते उभारायचे. आवाज सारखा म्हणून पुढे ‘नको’साठी वापरलं गेलं.

बाबांना हे जाम आवडलं. झंडीनं सिग्नल द्यायचं काम त्यांनी तरुणपणी केलेलं. ‘म्हणजे निशाण ये ये म्हणायचं, आणि अर्थ नको? भारीच की तुझे चिनी.’ मग जरा वेळानं म्हणाले, ‘पण तुझ्या बाईला सांग, आपला नको पण एक नाही. दोन आहेत. ताटावर हात आडवा धरून म्हणतो तो एक. दारात आडवं उभं राहून म्हणतो तो दुसरा.’

मला काही बोध होईना. ते माझ्यावर खेकसले. ‘भाजी नको. आणि जाऊ नको. एकच आहे का ते? मोठ्या माणसाशी बोलताना पंचाईत नसते. माझी रजा संपली की तुझी आई दारात म्हणायची, नका. जाऊ नका पण नाही, नुसतं नका. त्याचा एकच अर्थ. भाजीला कुणी नका म्हणत नाही. पण आपल्यापेक्षा लहान माणूस निघाला तर त्याला म्हणायचं नको, आणि भाजीलाही नकोच. पुस्तकात नकोस लिहितात. आमच्यात कोण म्हणतंय नकोस?’

हेही त्यांनी रजिस्टरात उतरवलं. मी ते शनिवारी वाचून दाखवलं आणि बाईंकडून शाबासकी मिळाली. ती मी माझी म्हणूनच घेतली.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात हवा इतकी घाण झाली होती की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. एका सकाळी बाबा दाढी करता करता बाथरूममध्ये कोसळले. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं, वाचणं गेलं. दोन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता. डॉक्टर म्हणाले, होतं असं, एखादाच शब्द राहतो आणि सगळ्यासाठी तोच निघतो. कुणाची शिवी राहते, कुणाचं देवाचं नाव. बाबांचा नको राहिला.

त्यांना समजतं का, मी विचारलं. थोडंफार समजतं. किती, ते कुणी सांगू शकत नाही.

घरी दिवसभरासाठी एक आया ठेवली. बिहारमधल्या पूर्णियाची, तिशीची, कामाला वाघ. मराठीचा तिला गंध नव्हता, बाबांना ‘बाबूजी’ म्हणायची आणि त्यांच्याशी अखंड बोलायची, ते उत्तर देत असल्यासारखं. मी आठवड्यातले तीन दिवस गुडगावला जायची आणि शनिवारी मयूर विहारला. होय, क्लास सोडला नाही. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणायच्या, यार, तुलाही थोडा श्वास घ्यायला हवा ना. मी लगेच मान डोलवायची.

सकाळी साडेआठला आया त्यांना दलिया भरवायला बसायची. त्याच वेळी मी बॅग खांद्याला लावून समोर उभी राहायची आणि म्हणायची, ‘बाबा, येते हं.’ ते म्हणायचे, ‘नको.’ मी आयाला सांगायची, ‘अभी दलिया नहीं चाहिए इनको, थोड़ी देर बाद देना.’ रोज हेच. मी रोज सकाळी त्यांच्या बोलण्याचं भाषांतर करून मग घराबाहेर पडायची. कधी त्रासून म्हणायची, ‘काय हो बाबा, रोज काय नको नको? न खाऊन कसं चालेल?’ त्यांचे डोळे भरून यायचे. या दुखण्यात डोळ्यांवर ताबा राहत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं माझ्याकडे पुष्कळ होतं.

आणि तेव्हा वर्गात आम्ही काय वाचत होतो? आईबापांची सेवा कशी करावी. जुन्या चिन्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, पानंच्या पानं लिहून ठेवलीत. सेवा म्हणजे सांगितलेलं ऐकणं की न सांगितलेलं ओळखणं, यावर मी त्या पंजाबी मुलीशी तासभर हमरीतुमरीवर यायची. मग परतीच्या मेट्रोत राजीव चौक येईपर्यंत झोपलेली असायची. लाज वाटायची का? वाटायची. द्वारका येईपर्यंत ओसरायची.

डिसेंबरच्या मध्यावर त्यांच्या छातीत कफ भरला आणि पुन्हा हॉस्पिटल. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बसवून नीट सांगितलं. घास अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत जातोय. असंच तोंडानं भरवत राहिलात तर पुन्हा न्यूमोनिया होणार, आणि तो शेवटचा ठरू शकतो. पोटाला छोटं भोक पाडून थेट नळी बसवता येईल. थोडा धोका आहे, पण मग वर्ष, दोन वर्षंही निघतील. नळी म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा त्यातून पातळ खाणं घालायचं, नळी धुवायची, भोकाची जागा बघायची, घरात कायम शिकलेलं माणूस हवं. ते माणूस म्हणजे मी. खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात पहिला विचार शनिवारचा आला.

डॉक्टर म्हणाले, तीन दिवस घ्या. आणि त्यांनाही विचारा. ‘सूबेदार साहब समझते हैं, मुझे लगता है.’

तिसरा दिवस शनिवारच होता. डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी निघायच्या तयारीतच होते, बॅग खांद्याला, रजिस्टर बॅगेत. आया पलंगाच्या पायाशी उभी होती. डॉक्टर म्हणाले, विचारून घ्या. मी वाकले. ‘बाबा, पोटात नळी घालायची म्हणतात. त्यातून जेवण देता येईल. घालायची का?’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर खाली बॅगेवर गेली. डावा हात उचलून त्यांनी बॅगेचा पट्टा धरला आणि म्हणाले, ‘नको.’ मग पुन्हा, ‘नको.’ इतकं स्पष्ट की डॉक्टरांनी फाइलमधून मान वर केली. इंग्रजीत विचारलं, काय म्हणताहेत?

‘ही इज रिफ्यूझिंग,’ मी म्हटलं.

डॉक्टरांनी दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं, सगळं इंग्रजीत. ते फौजी आहेत, नळ्या लावून जगणं त्यांना कधीच पटणार नाही, त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय आणि तो त्यांनी स्पष्ट वापरलाय, मी त्यांच्या इच्छेविरुद्ध जाणार नाही. बोलताना मला माझंच कौतुक वाटत होतं. नळी नको अशा फॉर्मवर सही केली. मग पट्ट्यावरची त्यांची बोटं सोडवली, एकेक करून, कारण डाव्या हातात अजून जोर होता. ‘दुपारी येते हं बाबा,’ म्हटलं आणि निघाले. मेट्रो लगेच मिळाली.

वर्गात मी सगळ्यांना सांगितलं की बाबांनी नळीला स्वतः नको म्हटलं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, ‘कौन सा नको?’ त्यांना रजिस्टरातले दोन्ही पाठ होते. मी वही काढायला लागले, तर म्हणाल्या, ‘क्या निगला था उसने?’

माझं टाळकं सरकलं. ‘मैडम, हर चीज़ किताब नहीं होती,’ मी ओरडलेच. ‘मेरे पिताजी हैं वो!’ बाईंचा चेहरा उतरला. हळूच म्हणाल्या, ‘माफ़ करना.’ माझ्या आईच्या वयाच्या बाईला मी चौघांत माफी मागायला लावली आणि मग आम्ही पुढचा उतारा घेतला.

बाबांना घरी आणलं. खिमटीसारखं दाट करून चमच्या-चमच्यानं तोंडानंच भरवत राहिलो. तीन आठवडे बरे गेले. जानेवारीत पुन्हा ताप चढला, छाती घरघरायला लागली. नळी नाही तर पुन्हा हॉस्पिटलही नाही, हे घरी आणतानाच ठरलं होतं, माझ्याच तोंडानं. औषधं चालू होती. बुधवारी ताप उतरल्यासारखा वाटला म्हणून मी ऑफिसला निघाले. ते ‘नको’ म्हणाले आणि मी आयाला दलियाचं सांगितलं. दुपारी दोनला तिचा फोन आला. महिपालपूरच्या जॅममध्ये चाळीस मिनिटं अडकले, कॅबवाल्याला शिव्या देत बसले, त्याचा काय दोष? पोचले तेव्हा तिनं त्यांचे डोळे मिटले होते आणि हनुवटीखालून रुमाल बांधला होता.

कॅन्टोन्मेंटमधले त्यांचे जुने सोबती आले, बायका आल्या. सगळ्यांना मी एकच सांगत होते. शेवटपर्यंत त्यांचं तेच ठरवत होते, त्यांच्या मनासारखं झालं. ऐकणारे माना डोलवायचे, ‘बिल्कुल, फौजी माणूस’ म्हणायचे. मला त्या एका वाक्याचाच आधार होता. त्यावर मी जेवत होते, झोपत होते, तीन आठवड्यांनी क्लासलाही परत गेले.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी आया आली. तिला जनकपुरीला दुसरं काम लागलं होतं. आमच्याकडे तिची शाल आणि डबा राहिले होते, ते न्यायला आली. मी चहा ठेवला. ती स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसली, बाबांच्या रिकाम्या पलंगाकडे बघत.

‘बाबूजी बहुत अच्छे थे,’ ती म्हणाली. ‘कभी तंग नहीं किए.’

मी म्हटलं, तुझा चांगुलपणा. खाण्याला तर रोज त्रास द्यायचे. सकाळ झाली की नको, नको.

ती गोंधळली. ‘खाने में? नहीं दीदी. खाना नहीं लेना होता तो मुँह कस के बंद कर लेते थे. बोलते तो कुछ नहीं थे.’

‘तो फिर नको-नको क्या करते थे?’

‘वो तो आपको बुलाते थे,’ ती म्हणाली, मला एवढंही माहीत नाही याचं नवल वाटल्यासारखी. ‘आप बैग उठाती थीं तब बुलाते थे. आप चली जातीं, तब भी लिफ़्ट बंद होने तक बुलाते रहते थे. फिर चुप. दिन भर फिर नहीं पुकारते थे.’

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, ओटा पुसला, पुन्हा पुसला. मग पाठमोरीच तिला विचारलं, त्या दिवशी हॉस्पिटलात काय झालं होतं, आठवतं का?

‘उस दिन भी बुलाए ना. आपका बैग पकड़ लिए थे.’ ती हसली, प्रेमानं. ‘छोड़ ही नहीं रहे थे. आप डॉक्टर साहब से अंग्रेज़ी में बात कर रही थीं.’

रजिस्टर समोरच्या फळीवर होतं. ते उघडायची गरज नव्हती. ताटावर हात आडवा धरून म्हणतो तो एक, दारात आडवं उभं राहून म्हणतो तो दुसरा. बाबांना दारात उभं राहता येत नव्हतं. मी त्यांच्यापेक्षा लहान नसते, तर ते नका म्हणाले असते आणि मग काही प्रश्नच नव्हता. मी मेली त्यांची मुलगी होते.

‘आख़िरी दिन भी दो-तीन बार बुलाए,’ आया सांगत होती. ‘हम बोले, बाबूजी, नको दीदी शाम को आएगी. तो चुप हो गए.’

मग तिला काहीतरी शंका आली असावी. कप खाली ठेवून तिनं विचारलं, ‘दीदी, आपका घर का नाम नको ही है ना? कि हम ग़लत सुनते थे?’

तिला खरं सांगता आलं असतं. पण मग त्या दिवशी हॉस्पिटलात पलंगाच्या पायाशी उभं राहून आपण काय बघितलं, ते तिलाही कळलं असतं.

‘हाँ,’ मी म्हटलं. ‘घर का नाम है.’